फराळबाईंचे गॅदरिंग

नाताळ संपला तरी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, ट्रंका लगेच बंद होत नसत. देवदूतांचे पांढरे झगे, मेंढपाळांची घोंगडी आणि पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचे जरीचे फेटे हे सारे 31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना आटोपल्यावरही चर्चच्या मागच्या खोलीत तसेच पसरलेले असे, कारण 3 जानेवारीला तेच कपडे घालून बिडी कामगारांच्या वस्तीतल्या नगरपालिकेच्या शाळेची मुले रंगमंचावर उभी राहणार असत. शाळेच्या फळ्यावर खडूने ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ असे ठसठशीत लिहिले जाई. वस्तीत मात्र त्याला सगळे गॅदरिंगच म्हणत.

आमचे गाव नगर. कागदोपत्री ते आता अहिल्यानगर झाले आहे, पण तोंडात अजून जुनेच नाव येते. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली येथे ठाणे केले, तेव्हापासून या गावात चर्च आणि शाळा यांची नावे जोडीने घेतली जातात. तरीही मिशनची शाळा वेगळी आणि नगरपालिकेची वेगळी. 1990 नंतरच्या त्या वर्षांत आमच्या मंडळीतल्या दोन निवृत्त शिक्षिका मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत आम्ही काही जण येऊन मुलांकडून वाचून घेतले तर चालेल का, असे त्यांनी विचारले. मुख्याध्यापक बराच वेळ चहाच्या बशीकडे पाहत राहिले. त्यांची अडचण ओळखून आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच कागदावर लिहून दिले की, आमच्यापैकी कोणीही शाळेत धर्माविषयी बोलणार नाही, प्रार्थना घेणार नाही आणि कोणतेही पुस्तक वा पत्रक वाटणार नाही. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम 28 मध्येच आहे, त्यामुळे त्यांनी वेगळे काही कबूल केले असे नाही; पण तो कागद मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली पुढची अनेक वर्षे होता आणि नवा स्वयंसेवक आला की आम्ही त्याला आधी तो वाचायला लावत असू.

वस्तीत बहुतेक घरे पद्मशाली समाजाची होती. पूर्वी तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या या कुटुंबांतल्या बायका घरी बसून बिड्या वळत, मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने मिळे, आणि मुली शाळेतून आल्या की आईने वळलेल्या बिड्यांची तोंडे मिटायला बसत. घरात तेलुगू, शाळेत मराठी, अशा कात्रीत सापडलेली दुसरी-तिसरीतली मुले अक्षरे ओळखत, पण वाक्य वाचून त्याचा अर्थ विचारला की गप्प होत. आमचे काम एवढेच होते की प्रत्येकाने चार मुले घेऊन व्हरांड्यात बसायचे आणि त्यांना घाई न करता वाचू द्यायचे. मंडळीतल्या एक निवृत्त परिचारिका नखे, डोळे आणि डोक्यातल्या उवा पाहत. त्यांना सगळे आत्या म्हणत, आणि त्यांच्या फणीला मुले मुख्याध्यापकांच्या छडीपेक्षा जास्त घाबरत. आम्ही ख्रिस्ती लोक एकमेकांना भेटल्यावर सवयीने ‘सलाम’ म्हणतो, हे मुलांनी ऐकून ऐकून उचलले. ते कागदात बसते का, यावर आमची एकदा गंभीर चर्चा झाली, आणि मुलांनीच सुरू केले आहे तर आपण काय करणार, असे ठरले.

गॅदरिंगची तारीख मात्र आमच्या शिक्षिकांनी सुचवली. 3 जानेवारी हा सावित्रीबाई फुल्यांचा जन्मदिवस, आणि पुण्यात 1848 साली मुलींची शाळा चालवणाऱ्या सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे ज्यांच्याकडे घेतले त्या मिस सिंथिया फरार नगरातच शाळा चालवत असत. 1827 साली त्या अमेरिकेहून मुंबईला आल्या, पुढे नगरला आल्या आणि 1862 साली येथेच वारल्या. हे भाषण दर वर्षी त्याच बाई, त्याच क्रमाने आणि त्याच ठिकाणी पाणी पिऊन करीत असत, आणि चौथीची मुले त्यांच्या पुढे एक वाक्य चालत. पण खरी पंचाईत त्या नावाची होती. पोलिसांना हवा असलेला तो फरार, हे मुलांना ठाऊक होते, त्यामुळे ह्या बाई कोणता गुन्हा करून पळाल्या, असे एकाने पहिल्याच वर्षी विचारले. त्यातच कार्यक्रम संपल्यावर आमच्या घरांतून उरलेल्या नाताळच्या करंज्या आणि शंकरपाळे वाटले जात, म्हणून पहिलीच्या वर्गाने आपल्यापुरता प्रश्न सोडवून टाकला: ज्यांच्या नावाने फराळ मिळतो त्या फराळबाई. पुढे पुढे आम्हीही तेच म्हणू लागलो. तेव्हा पोषण आहार म्हणजे हजेरीप्रमाणे महिन्याकाठी घरी न्यायचे 3 किलो तांदूळ होते, शिजवलेली खिचडी पुष्कळ नंतर आली. त्यामुळे शाळेत बसून गोड खाण्याचा तो वर्षातला एक दिवस, आणि मुले शंकरपाळे एकेक करून खात.

एका वर्षी फरारबाईंची भूमिका करणाऱ्या मुलीने घातलेला झगा नाताळच्या नाटकातल्या गब्रिएल दूताचा होता. पंख उसवून काढायचे काम माझ्याकडे होते आणि मी उजवा पंख काढून डावा विसरलो. सावित्रीबाई झालेली मुलगी वाकून नमस्कार करून उठली, तिने तो पुठ्ठ्याचा पंख पाहिला, आणि पाठ केलेले वाक्य बाजूला ठेवून विचारले, “बाई, तुम्ही उडत आलात का?” सगळी शाळा हसली. मिस फरारने जराही न डगमगता “नाही गं, बोटीने आले,” असे उत्तर दिले. मी आजवर पाहिलेल्या नाटकांत याच्यापेक्षा हजरजबाबी वाक्य मला आठवत नाही.

खर्चाची सोय चर्चमधल्या सुगीच्या सणाला होत असे. उपासनेनंतर आवारात भोपळे, कोंबड्या, लोणच्याच्या बरण्या यांचा लिलाव होई. एखादा भोपळा घेणारा तो परत लिलावाला ठेवी, दुसराही तसेच करी, आणि एकाच भोपळ्यावर मुलांच्या मेकअपचे आणि मंडपाचे पैसे उभे राहत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी नगरात राहून ख्रिस्ती भजनाची जी गोडी लावली, तिच्यामुळे आमच्यात पेटी आणि तबला वाजवणारे कधी कमी पडले नाहीत. तीच पेटी गॅदरिंगला कोळीगीतालाही वाजे आणि मुलींच्या तेलुगू गाण्यालाही. सतरंज्या मात्र पद्मशाली समाजाच्या मंदिरातून येत, आणि त्या परत करताना झाडून, मोजून द्याव्या लागत.

एक वर्ष आम्ही चुकलो, ते सांगितलेच पाहिजे. कोणाच्या तरी डोक्यात आले की गोळा केलेले कपडे वेगळे वाटण्यापेक्षा गॅदरिंगमध्येच द्यावेत. मग माइकवरून एकेका मुलीचे नाव पुकारले गेले, ती रंगमंचावर आली, तिच्या हातात फ्रॉक दिला गेला आणि टाळ्या झाल्या. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला उजव्या हाताचा दानधर्म डाव्या हाताला कळू न देण्याविषयीचा उतारा आम्हां सर्वांना शब्बाथशाळेपासून पाठ होता, आणि येथे आम्ही तो कर्णा लावून अख्ख्या गल्लीला कळवला होता. पुढच्या शनिवारी एका मुलीची आई शाळेत आली. फ्रॉक धुऊन, घडी करून, त्याला इस्त्री केलेली होती. तो आत्यांच्या हाती देत ती एवढेच म्हणाली, “आत्या, ही तिसरीत पहिली आली, तेव्हा तुम्ही तिचं नाव माइकवर नाही घेतलं.” आत्यांना उत्तर सुचले नाही. त्यानंतर कपडे, वह्या, चपला जे काही असेल ते नोव्हेंबरातच वर्गशिक्षिकांकडे जाऊ लागले, आणि माइकवरून फक्त गुण मिळवणाऱ्यांची नावे पुकारली गेली.

माझे स्वतःचे काम पडद्याचे होते. जुन्या चादरी जोडून शिवलेला तो पडदा गंजलेल्या कप्पीवर चाले, दोरी दोन ठिकाणी गाठ मारलेली होती, आणि गाठ कप्पीशी आली की पडदा अर्ध्यावर थांबे. त्याला एक झटका द्यावा लागे, फार जोरात नाही आणि फार हळूही नाही. दोरी धरून उभे राहिले की प्रेक्षकांतल्या बायका नीट दिसत. त्या मांडीवर सूप घेऊनच येत, कारण संध्याकाळ मोडली तर हजार पुरे होत नसत. दिव्याच्या उरलेल्या उजेडात, रंगमंचाकडे पाहत, पानावर तंबाखू पसरून, वळून, दोरा गुंडाळून त्या बिडी बाजूला टाकत, आणि हाताकडे एकदाही पाहत नसत. तंबाखूच्या भुकटीने आत्यांना खोकला येई. मुलांचे संवाद कधी अडले तर त्या शांततेत पानांची सळसळ ऐकू येई. माझा एक छंद होता: रंगमंचावर कोणाची मुलगी आली हे मी समोर कोणाचे हात थांबले त्यावरून ओळखत असे.

2003 साली नगरपालिकेची महापालिका झाली, मुख्याध्यापक बदलले, काचेखालचा कागद पिवळा पडला. आत्या आता नाहीत. शनिवारचे वाचन चालू आहे, पट मात्र पुष्कळ घसरला आहे, कारण वस्तीतल्या ज्यांना जमते ते आता मुलांना इंग्रजी शाळेत घालतात, आणि त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा, हे मला कळत नाही, कारण माझी नातवंडेही तेथेच जातात.

गुडघे धरल्यापासून पडद्याची दोरी मंडळीतल्या एका कॉलेजातल्या मुलाकडे दिली आहे. गेल्या जानेवारीत मी प्रथमच प्रेक्षकांत, मागे, सतरंजीवर बसलो. शेजारच्या बाईंनी जागा करून देण्यासाठी सूप थोडे सरकवले आणि हात चालू ठेवूनच विचारले, “तुमची कोणती?” तेवढ्यात पडदा अर्ध्यावर अडकला. मुलाने झटका जरा जास्तच जोरात दिला. मी पडद्याकडे बोट दाखवले.