दुधाविना पांढरा: हाकाताचा तोन्कोत्सु रामेन

हाकाता हा जपानच्या फुकुओका शहराचा भाग. तिथल्या रामेनचा, म्हणजे रश्शातल्या नूडल्सचा, रस्सा पांढराशुभ्र दिसतो, पण त्यात दुधाचा थेंबही नसतो. तोन्कोत्सु म्हणजे डुकराची हाडं; ती, पाणी आणि मोठी आच. बस्स.

फुकुओकातल्या आठ-दहा खुर्च्यांच्या दुकानात खरं काम गिऱ्हाईक यायच्या आधीच उरकलेलं असतं. मांडीच्या नळ्या फोडून रात्रभर गार पाण्यात ठेवायच्या. मग एक उकळी काढून करड्या फेसासकट ते पाणी ओतून द्यायचं आणि एकेक हाड नळाखाली घासायचं. मणक्याच्या खाचांत गोठलेलं काळं रक्त काडीनं कोरून काढावं लागतं. इथे आळस केला की रस्सा राखाडी होतो, वास उग्र येतो. मग कितीही आलं-लसूण घाला, तो झाकत नाही.

यानंतर किलोभर हाडांना साधारण दोन लिटर पाणी आणि 12 तास किंवा जास्तच खळखळती उकळी. पाया आपण मंद आचेवर ठेवतो. इथे तसं केलं तर चरबी वर तरंगते आणि खाली नितळ पाणी राहतं. जोरदार उकळीनं चरबीचे बारीक कण होतात, हाडांतून सुटलेलं जिलेटिन त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही, म्हणून हा पांढरेपणा. आटलेल्या पाण्याची भर घालायची ती उकळत्या पाण्याचीच. तळ सतत खरवडत राहायचं, कारण हाडांचा चुरा बुडाला बसतो. एकदा करपला की अख्खं पातेलं गेलं.

पातेल्यात मीठ नसतं, नाहीतर आटता आटता रस्सा खारट होईल. खारटपणा ‘तारे’ या वेगळ्या बनवलेल्या खारट सॉसमधून येतो: गरम वाडग्याच्या तळाशी सुमारे 30 मिली तारे, त्यावर 300 मिली रस्सा.

नूडल्स बारीक, सरळ, अगदी घट्ट मळलेल्या. मिनिटभरात शिजतात, तितक्याच पटकन लिबलिबीत होतात. फुकुओकातल्याच नागाहामाच्या मासळीबाजारातल्या घाईच्या माणसांना हेच सोयीचं होतं. म्हणून वाढतात थोड्या, आणि नंतर ‘काएदामा’, म्हणजे नुसत्या नूडल्सचा दुसरा वाढा. तो शेवटच्या दोन-तीन घासांवर असतानाच मागावा, आणि रस्सा राखून. नव्या नूडल्सचं पाणी उतरून रस्सा फिका पडतो; टेबलावरची तारेची किटली त्यासाठीच.

‘बारिकाता’, म्हणजे अगदी कडक नूडल्स, मागून रुबाब दाखवायची गरज नाही, त्यात कच्च्या पिठाची चव लागते. ‘काता’, म्हणजे जरा कडक, पुरे. आणि लोणच्याचं ते लाल आलं पहिल्या वाडग्यात नको. रस्साभर गुलाबी आंबटपणा पसरतो. काएदामावर घाला.