पुस्तकातली इमारत आणि जागेवरची इमारत

जुनी इमारत पाहायला निघण्यापूर्वी तिची छायाचित्रे पाहणे मी शक्यतो टाळतो, कारण ती एकदा मनात बसली की जागेवर गेल्यावरही डोळे तीच चौकट शोधत राहतात. नकाशे मात्र आवर्जून पाहतो. त्यांवरून भिंती कुठे आहेत आणि भार कुठून उतरतो हे समजते. इमारत दिसते कशी, हे मात्र तिथे जाऊनच पाहावे लागते.

नकाशे वाचून इमारत पाहण्याच्या या सवयीची खरी परीक्षा उत्तर इटलीतील व्हिचेन्झा शहरात आणि त्याच्या आसपास होते. आन्द्रेआ पालादिओ या वास्तुरचनाकाराने १५७० मध्ये व्हेनिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या स्थापत्यावरील चार भागांच्या ग्रंथात स्वतःच्या अनेक इमारती मोजमापांसह दिल्या आहेत. पण त्या सगळ्या बांधल्या गेल्या तशाच त्याने काढलेल्या नाहीत. पुष्कळ ठिकाणी त्या जशा व्हायला हव्या होत्या, तशा आहेत. पुस्तक हाती घेऊन हिंडणाऱ्याला ही तफावत अडचणीची वाटेल. मला तिथेच वाचण्यासारखे सर्वाधिक सापडते, कारण पैसा, जागा, आधीचे बांधकाम आणि मृत्यू या चारही गोष्टींनी आराखड्यात केलेले फेरफार तिथे उघड दिसतात.

शहराबाहेरच्या टेकडीवरचा ‘ला रोतोन्दा’ हा व्हिला घ्या. पुस्तकात त्याच्यावर उंच, अर्धगोलाकार घुमट आहे. प्रत्यक्षातला घुमट बसका असून त्याचे छप्पर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते. पालादिओ १५८० मध्ये वारला आणि पुढचे काम विन्चेन्झो स्कामोझ्झी या वास्तुरचनाकाराने पूर्ण केले. चित्रातला घुमट अधिक डौलदार आहे हे मान्य करूनही मला बांधलेलाच आवडतो, कारण चारही बाजूंच्या स्तंभयुक्त द्वारमंडपांवर तो दडपण आणत नाही.

शहराच्या मुख्य चौकातील ‘बासिलिका’ या सार्वजनिक इमारतीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. पालादिओला तिथे नवी इमारत उभारायची नव्हती, तर एका मध्ययुगीन सभागृहाभोवती दुमजली कमानींचे आवरण चढवायचे होते, आणि त्या जुन्या वास्तूचे गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, एकसारख्या मापाचे नव्हते. त्याने मधल्या कमानीचे माप कायम ठेवले आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या अरुंद, चौकोनी फटींची रुंदी गरजेप्रमाणे कमीजास्त केली. चौकातून पाहणाऱ्याला सगळ्या कमानी सारख्या भासतात. फटी एकेक करून न्याहाळल्या, तरच ही युक्ती उमगते.

त्याच चौकात समोर ‘लोज्जा देल कापितानिआतो’ उभी आहे. ती १५७१ मध्ये सुरू झाली, त्यामुळे आदल्या वर्षी छापलेल्या पुस्तकात तिला स्थान मिळाले नाही. जेमतेम तीन गाळ्यांवर थांबलेल्या या इमारतीचे भव्य अर्धस्तंभ विटांचे आहेत, आणि तेही उघड्या विटांचे. लाकडी ठशांनी छापलेल्या रेखाचित्रांत स्तंभ दगडाचा की गिलावा केलेल्या विटांचा हे कळत नाही. पालादिओचे कित्येक स्तंभ विटांचेच आहेत हे इथे पटते.

इनिगो जोन्स हा इंग्रज वास्तुरचनाकार १६१३–१४ च्या इटली-प्रवासात हाच ग्रंथ बरोबर घेऊन फिरला आणि पाहिलेल्या इमारतींविषयीच्या नोंदी त्याने समासात लिहून ठेवल्या. ती प्रत आज ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजात आहे. पुस्तक, इमारत आणि प्रवास यांचा इतका सलग मेळ दुसरीकडे क्वचितच आढळतो.

फान्झोलो गावातला पालादिओचा व्हिला एमो मात्र छापील चित्राशी बराचसा जुळतो. तिथे जाण्यात काय अर्थ, असे वाटू शकेल. परंतु मुख्य घराच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या, शेतीच्या कामासाठी बांधलेल्या कमानदार पडव्या कागदावर साध्या ओळीसारख्या दिसतात; जागेवर त्यांची लांबी पायाखालून जाऊ लागली की दर्शनी भागाचा मोठा हिस्सा मालकाच्या दालनांनी नव्हे, तर या पडव्यांनीच व्यापला आहे हे ध्यानात येते.