सुटले बाई

२० मार्च २०२१, शनिवार, रात्रीचे पावणेबारा

काल संध्याकाळी ग्रुपवर सरांचा मेसेज आला. २७ आणि २८ तारखेच्या खो-खोच्या मॅचेस वाढत्या रुग्णसंख्येमुळे पुढील सूचनेपर्यंत रद्द, सर्वांनी काळजी घ्या, खाली हात जोडलेले. मी तेव्हा ओट्यापाशी लसूण सोलत होते. वाचल्या वाचल्या माझ्या तोंडून काय निघालं असेल तर "सुटले बाई". हळूच, पण निघालं. आईनं विचारलं काय गं, म्हटलं काही नाही, नखात लसूण झोंबला.

तेव्हापासून हे दोन शब्द डोक्यातनं जाईनात.

कारण मॅचेस व्हाव्यात म्हणून सगळ्यात जास्त भांडले कोण तर मी. १५ फेब्रुवारीला कॉलेज निम्म्या हजेरीवर सुरू झालं त्याच आठवड्यात निवेदन लिहिलं मी, सगळ्यांच्या सह्या फिरून फिरून घेतल्या मी, ऑफिसच्या बाहेर दीड तास बाकावर बसले पण मीच. झोनलचं, म्हणजे विभागाच्या कॉलेज स्पर्धांचं, यंदा काही खरं नाही हे माहीतच होतं, निदान आपापसातल्या चार कॉलेजच्या तरी घ्या एवढंच म्हणणं होतं. सर कुठं हो म्हणायला तयार होते, मीच त्यांचं डोकं खाल्लं. लग्नं चालतात, ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या जानेवारीत, अहमदाबादला मोटेऱ्याच्या स्टेडियमवर हजारो माणसं बसवून क्रिकेटची मॅच चालते, आयपीएल तर दुबईला नेऊन खेळवलं, मग खो-खोलाच कोरोना होतो का? हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं, तीन ठिकाणी वापरलं. (मोटेऱ्याचं माझं उदाहरण सोमवारीच पडलं म्हणा, तिथंपण प्रेक्षक बंद केले. आज पप्पा शेवटची ट्वेंटी-ट्वेंटी बघत होते, आपण ३६ रननी जिंकलो, सीरिज जिंकलो, आणि सगळ्या खुर्च्या रिकाम्या. कोहली ऐंशी मारून नाबाद आणि टाळ्या वाजवायला कोण नाही.)

घरी तर रोज तेच. पप्पा म्हणायचे इस्लामपूर विसरलीस काय, एका घरातनं वीसच्या वर माणसं पॉझिटिव्ह निघाली होती मागच्या मार्चला. मी म्हणायचे तुम्ही रोज मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला जाता, तिथं माणसाला माणूस चिकटून उभा असतो ते चालतं. ते म्हणायचे ते पोटासाठी आहे. मी म्हणायचे हे पण. यावर ते काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे, आणि मला वाटायचं जिंकले.

सप्टेंबरात काकांना मिरज सिव्हिलला... असो. ते आज लिहायचं नाही.

तर एवढं सगळं करून, रद्द झाल्यावर माझ्या तोंडून "सुटले". रडू यायला पाहिजे होतं ना? आमच्या टीममधल्या ऋतूला आलं. तिनं व्हॉइस मेसेज पाठवला त्यात ती नीट बोलूपण शकत नव्हती. मी तिला तीन रडके इमोजी पाठवले. इतकी खोटी मी आयुष्यात कुणाशी वागले नसेन.

आधी वाटलं भीती असेल. कोरोनाची. असायला काय हरकत आहे, खो-खो हा खेळच असा आहे की सहा फुटांवरून खो देता येत नाही, समोरच्या पोरीच्या पाठीला हात लावून तिच्या मानेपाशी जीव खाऊन ओरडावं लागतं. सरांनी प्रॅक्टिसला नियम काढला होता, पाटीवर बसलेल्या आठही जणींनी मास्क नाकावर ठेवायचा, पळणारीनं हनुवटीवर घेतला तर चालेल. म्हणजे जी सगळ्यात जास्त धापा टाकतीये आणि सगळ्यांच्या मानेवर ओरडतीये तिलाच मास्क नको. आम्ही हसून हसून मेलो होतो त्या दिवशी. सरपण हसले आणि नियम तसाच ठेवला.

पण भीती नव्हती ती. भीती मला माहितीये कशी असते, पोटात असते. हे तसलं नव्हतं. हे म्हणजे तोंडी परीक्षेला आपला नंबर यायच्या आधी जेवायची सुट्टी होते ना, तसलं होतं.

मग काय ते लिहूनच टाकते. मागच्या रविवारी शिवाजी स्टेडियमवर सकाळी प्रॅक्टिस होती. मी पहिल्या तुकडीत पळायला. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट असती तर, म्हणजे अगदी २०१९ च्या झोनललासुद्धा, मी तीन मिनिटं दहा सेकंद नाबाद होते, बसलेल्या पोरींमधनं नागमोडी पळत एकेरी साखळी मग दुहेरी मग परत एकेरी, समोरचीला हुल देऊन खांब गाठायचा हे मला झोपेत जमायचं. रविवारी मी बाहेर झाले छत्तीस सेकंदात. तासगावहून येते ती एफवायची पोरगी, बारकी, तिनं मला खांबावर सूर मारून बाद केलं. ठीक आहे, होतं. पण नंतर आमची आक्रमणाची पाळी आली तेव्हा खांबाजवळ माझ्यापुढं ऋतू एका हाताच्या अंतरावर होती, सूर मारला की बाद, आणि माझे पाय थांबले. मी नाही थांबले हां, पाय थांबले. गुडघ्यांनी परस्पर ब्रेक मारला. सगळ्यांना वाटलं माती ओली होती म्हणून जपून खेळली. सर म्हणाले बरोबर केलंस, दुखापत नको आत्ता.

माती ओली नव्हती.

म्हणजे मेसेज आला तेव्हा मला कसलं बरं वाटलं, तर आता कुणाला कळणार नाही याचं. आता मी जन्मभर म्हणू शकते की शेवटच्या वर्षाला फॉर्मात होते पण कोरोना आला ना. कोण तपासायला येणार आहे? छत्तीस सेकंद फक्त त्या मैदानाला माहीत. आणि ऋतूला. ऋतूनं बघितलं होतं माझ्याकडं, पण बोलली काही नाही, त्याचा अर्थ काय लावायचा तेपण कळत नाहीये.

वर्ष वाईट गेलं हे खरंच आहे. एफवायला मी राखीव, सगळा मोसम बाहेर बसून पाण्याच्या बाटल्या भरल्या. एसवायला ऑगस्टमध्ये पूर, अर्धी सांगली पाण्यात, मैदानातला गाळ आम्हीच घमेल्यानं काढला आणि त्याच गाळाच्या वासात प्रॅक्टिस केली. टीवायला हे. तीन वर्षांत माझ्या वाट्याला एक धड मोसम आला. लॉकडाऊनमध्ये पहिले दोन महिने जिन्यात दोरीच्या उड्या मारल्या, खालच्या काकूंनी छत पडतंय म्हणून तक्रार केली, मग सोडलं. मग डालगोना कॉफी. मग नुसतंच झोपणं. सर ऑनलाइन व्यायाम घ्यायचे तेव्हा मी कॅमेरा बंद ठेवून लोळत असायचे हे आज कबूल करते. ऑगस्टमध्ये सारिका काळेला अर्जुन मिळाला, खो-खोला २२ वर्षांनी, राष्ट्रपतींच्या हातून घ्यायचा तर तो पण समारंभ ऑनलाइन. तेव्हा दोन दिवस पेटले होते, पहाटे उठून कृष्णेच्या घाटापर्यंत पळत गेले. दोनच दिवस.

अभीनं काल अमेरिकेतनं, इंडियानाहून एक क्लिप पाठवली. तिकडं कॉलेजच्या बास्केटबॉलची मोठी स्पर्धा सुरू झालीये, मुलांच्या सगळ्या मॅचेस त्याच्याच राज्यात, सगळ्यांना हॉटेलात कोंडून, रोज टेस्ट. मागच्या मार्चला हीच स्पर्धा त्यांनी पार रद्द केली होती. मुलींची टेक्सासला आहे. क्लिपमध्ये एक खेळाडू दाखवते, मुलांना हॉलभर व्यायामाचं सामान आणि मुलींना डंबेलचा एक छोटा स्टँड आणि योगाच्या चटया, बाजूला अख्खी जागा मोकळी. अभीला वाटलं मी चिडेन. माझ्या मनात पहिलं काय आलं, तर अगं बाई स्टँड आहे!

आणि दुसरं एक सांगत होता की मागच्या वर्षी ज्या मैदानी, बेसबॉलवाल्या खेळाडूंचा मोसम बुडाला त्यांना तिकडं एक वर्ष जास्तीचं खेळायची परवानगी दिली. हे ऐकून मला पहिल्यांदा खूप वाईट वाटलं, आपल्याला कोण देणार, जूनमध्ये मी कॉलेजातच नसणार. आणि आत्ता लिहिताना वाटतंय, दिलं असतं तर काय केलं असतं मी? छत्तीसचे चाळीस?

दादाची एमपीएससी ११ तारखेला पुढं ढकलली, परीक्षा तीन दिवसांवर होती, तर पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली आणि तारीख मिळाली, उद्याच आहे पेपर. दादा पण होता तिथं, घसा बसवून घेतला. आमचं रद्द झालं तर ग्रुपवर सतरा अंगठे. मलासुद्धा कुणीतरी म्हणालं, तू लिही ना परत निवेदन, तुला जमतं. मी निळी टिक पडू दिली आणि फोन उलटा ठेवला.

ती तासगावची बारकी मात्र डोक्यातनं जाईना. तिला पोलिसात जायचंय, खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, प्रमाणपत्र कुठल्या पातळीचं लागतं वगैरे सगळं तिला तोंडपाठ आहे. आमच्या चार कॉलेजच्या मॅचचा त्यासाठी काडीचा उपयोग नाही हेही तिला माहीत होतं, तरी पहाटेच्या एसटीनं यायची. तिला खेळायचं होतं. निवेदनात मी "आम्ही सर्व खेळाडू" असं लिहिलं होतं. मॅचेस व्हायला पाहिजे होत्या का? सिव्हिलमधले बेड परत भरायला लागलेत म्हणतात, तर कदाचित सरांचंच बरोबर. पण माझं निवेदन चुकीचं होतं असंही अजून वाटत नाही, मुद्दे बरोबर होते. फक्त खाली पहिली सही माझी नको होती.

आज दुपारी एक वेगळीच गंमत. फाईल आवरताना हमीपत्र सापडलं, ते पालकांच्या सहीचं, स्वतःच्या जबाबदारीवर पाठवत आहे वालं. मी पप्पांना दिलं होतं आणि ते देणारच नाहीत हे धरून चालले होते, खरं सांगायचं तर त्यांच्या नकारावर थोडी भिस्तच होती. खाली सही होती. यार्डातल्या पावत्यांना करतात तसली वाकडी, हिरव्या पेननं, तारीख १७. मला बोलले नाहीत. फाईलमध्ये ठेवून मोकळे.

मी ते कुणाला दाखवलं नाही. परत तिथंच ठेवलं.

रात्री ग्रुपवर वेगळाच विषय, टी-शर्टांचं काय. प्रत्येकी अडीचशे भरलेत, छपाई झाली नसली तरी कापड आणलंय, तो माणूस पैसे परत देणार नाही म्हणतोय. शेवटी ठरलं की घ्यायचे, मॅच नसली तर नसली, पाठीवर २०२१ आणि नाव, आठवण म्हणून. आई म्हणाली झोपताना घालायला होईल. सरांनी साइझची यादी परत टाकली, काही बदल असेल तर आज रात्रीच सांगा.

माझ्या नावापुढं एम आहे. फेब्रुवारीत मीच लिहिला होता, सगळ्यांसमोर एल लिहायची लाज वाटली, म्हटलं तोपर्यंत होईन की बारीक.

आत्ताच सरांना पर्सनलवर मेसेज टाकला, माझा एल करा. एवढ्या रात्री दोन मिनिटांत उत्तर आलं. म्हणाले, तुझा मी आधीच एल सांगून ठेवलाय.