चौदा तास वीस मिनिटं

सांगलीत नेटवर्किंगची कामं करून मला सोळा वर्षं झाली. सीसीटीव्ही, दवाखान्यांचं वायरिंग, बंगल्यात वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही, असली कामं. व्हीपीएनची, म्हणजे नेटचं येणंजाणं एन्क्रिप्ट करून दुसऱ्याच सर्व्हरमार्गे न्यायची, वर्षातून दोनचार, तीही कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांची. घरातल्या झाडून सगळ्या डिव्हाइसना व्हीपीएन हवं, असं काम गावभागातल्या या घरी पहिल्यांदाच आलं.

फोन आला नेदरलँड्सहून. मुलगा तिकडे सॉफ्टवेअरमध्ये, आईवडील दोघंच इथं. "मोबाइलवर ॲप टाकलं तर बाबा ते बंद करतात. राउटरवरच टाका, म्हणजे घरातलं प्रत्येक डिव्हाइस आपोआप आत." यात चूक काही नव्हतं. तयार सेवा का घेत नाही विचारलं, तर म्हणाला, २०२२ मध्ये सर्ट-इननं, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायचा आदेश काढल्यावर बऱ्याच व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले, त्यामुळं काहींचं 'इंडिया' निवडलं तरी डेटा सिंगापूरला वळसा घालून येतो. म्हणून त्यानं मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये महिन्याच्या भाड्यानं छोटा सर्व्हर घेऊन त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. मी फक्त घरचं टोक जोडायचं. हुशार मुलगा. फक्त हुशार मुलांना एक खोड असते, काम सांगताना ते शेवटी "दहा मिनिटांचं आहे" असं जोडतात.

मंगळवारी दुपारी हाताखालच्या बाळ्याला घेऊन गेलो. २०१९ च्या पुरात या घराचा खालचा मजला बुडाला होता, तेव्हापासून इन्व्हर्टर, राउटर, सगळं वरच्या मजल्यावर. काका बँकेतून अकाउंट्सला निवृत्त झालेले. बसल्या बसल्या डायरी काढून निळ्या शाईच्या पेननं लिहिलं, 'दु. ३:१०. नेटवाले आले.'

ब्रॉडबँडवाल्याचा डबा ब्रिज मोडला, म्हणजे नुसती लाइन पुढं द्यायला, टाकला आणि मागं आमचा राउटर लावला, ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं सॉफ्टवेअर भरलेला. लोकांना वाटतं व्हीपीएन म्हणजे एक बटण. राउटरवर टाकलं की एन्क्रिप्शनचा सगळा भार त्या दीडदोन हजारांच्या डब्यातल्या प्रोसेसरवर पडतो. त्यावर ओपनव्हीपीएन हे जुनं सॉफ्टवेअर चालवलं की १०० एमबीपीएसच्या प्लॅनचे पंधरा उरतात, आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं ब्रॉडबँडवाल्याला. वायरगार्ड हलकं, २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे राउटरच्या सॉफ्टवेअरच्या गाभ्यातच, आहे. ८० च्या आसपास मिळाले.

टनेल, म्हणजे राउटरपासून मुंबईच्या सर्व्हरपर्यंतचा एन्क्रिप्टेड रस्ता, जोडायला खरंच दहा मिनिटं लागली. पुढचे तीन तास टनेल गळतंय कुठं ते बघण्यात गेले. ब्रॉडबँडवाला आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे नेटचे पत्ते, पण देत होता आणि टनेल फक्त जुन्या आयपीव्ही४ चं. म्हणजे अर्धा ट्रॅफिक मागच्या दारानं राजरोस बाहेर. बहुतेक लोक एका साइटवर आयपी बदललेला दिसला की डबा भिंतीवर ठोकून निघतात, हे मागचं दार उघडून बघतच नाहीत. घरच्या नेटवर्कवरचं आयपीव्ही६ बंद केलं. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणं, टनेलमधून वळवलं. मग व्हॉट्सॲप चाललं, पण काही साइटी अर्ध्यात लटकायला लागल्या. हे लक्षण दिसलं की डोळे झाकून एमएसएस क्लॅम्पिंग, म्हणजे डेटाच्या पाकिटांना मापाची मर्यादा लावली आहे का, ते बघायचं. टनेलच्या सेटिंगमध्ये ती खूण करायची राहून गेली होती. पाकिटं टनेलच्या मापापेक्षा मोठी येत होती आणि वाटेत गुपचूप गळत होती. शेवटी किल स्विच, म्हणजे टनेल बंद पडलं तर घरातलं काहीही उघड्यावरून बाहेर जाता कामा नये.

मग काकूंच्या टीव्हीनं मालिका दाखवायला नकार दिला. आयपी भारतातलाच, पण डेटा सेंटरचा, आणि ही ॲपं ते लगेच ओळखतात. मुलाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, टीव्ही टनेलच्या बाहेर ठेवावा लागेल. "सगळी म्हणजे सगळी डिव्हाइसेस म्हणालो होतो ना?" मी फोन काकूंच्या हातात दिला. दोन मिनिटांत टीव्ही बाहेर.

६:४० ला शेवटची सेटिंग सेव्ह केली, राउटर बंद करून चालू केला, मिनिटभरात सगळं परत आलं. तपासून दिलं, अशा समाधानात निघालो.

बुधवारी सकाळी काकांचा फोन, नेट नाही. मी तासगावला एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये शिडीवर. म्हटलं, "काका, ब्रॉडबँडची लाइन गेली असणार, त्यांना सांगा." आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात जुनं वाक्य. तिकडून माणूस आला, त्याच्या डब्याचे दिवे हिरवे बघून "तुमच्या नेटवाल्याचा राउटर बोगस आहे" म्हणून गेला. त्याचंही ते जुनंच वाक्य. गुरुवारी मी फोन केला, तर नेट व्यवस्थित चालू. "आपोआप आलं," काका म्हणाले. आपोआप आलेल्या गोष्टीच्या मागं कोण लागतो? मीही नाही लागलो. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा बंद.

शनिवारी सकाळी पावणेअकराला वर बसलो होतो. लाइन चालू, राउटर चालू, टनेलचा हँडशेक, म्हणजे दोन टोकांची सुरुवातीची ओळखपाळख, नाही. लॉगमध्ये एक ओळ नाही. वायरगार्डचा हा स्वभावच आहे. न पटलेल्या पाकिटाला ते उत्तर देत नाही. नाही म्हणत नाही, चूक काय ते सांगत नाही, गप्प. बाहेरच्याला तिथं काही आहे हेसुद्धा कळू नये म्हणून तसं केलंय. चोरासाठी छान आहे, मेकॅनिकचा मात्र जीव जातो. दोन्ही टोकांच्या की, म्हणजे एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, जुळवल्या, पोर्ट बघितला, सर्व्हर रीस्टार्ट करावा का म्हणून मुलाला उठवायचा विचार केला. तिकडे सकाळचे सव्वासात, तोही शनिवार.

तेवढ्यात बाळ्या म्हणाला, "दादा, ह्येचं घड्याळ बगा की. ह्यो अजून बुधवारातच हाय."

राउटर म्हणत होता, बुधवार, दुपारचा एक वाजून गेलाय.

काका शेजारीच बसले होते. त्यांनी डायरी उघडून माझ्यापुढं सरकवली. 'बुध. स. ९:००. लाईट गेली, लगेच इन्व्हर्टरवर. नेट बंद. रा. ११:२०. नेट आपोआप सुरू.' खाली 'शुक्र. दु. ४:१०. लाईट गेली. नेट बंद.' मग चष्मा काढून म्हणाले, "तुम्ही मंगळवारी ६:४० ला उठलात. तिथून बुधवारी सकाळी नऊपर्यंत चौदा तास वीस मिनिटं. आणि नऊपासून रात्री ११:२० पर्यंत नेट बंद, तेही चौदा तास वीस मिनिटं. दोन्ही बाजू जुळतायत. हे आपोआप नाही."

सोळा वर्षांत माझ्यापुढं कुणी असा ताळेबंद ठेवला नव्हता.

झालं होतं ते असं. या स्वस्त राउटरमध्ये घड्याळासाठी बॅटरी नसते. चालू झाला की तो सेटिंगच्या फोल्डरमध्ये शेवटची फाइल कधी बदलली ते बघतो आणि तीच वेळ धरून पुढं चालतो, नंतर इंटरनेटवरून खरी वेळ घेतो. म्हणजे लाईटनं डोळा मारला की आमचा राउटर जागा व्हायचा तो मंगळवार संध्याकाळी ६:४० ला. इकडे वायरगार्ड हँडशेकच्या पहिल्या पाकिटात वेळ लिहून पाठवतं, आणि सर्व्हर त्या राउटरकडून आलेली सर्वांत पुढची वेळ लक्षात ठेवतो. त्याच्या आधीची वेळ आली की पाकीट फेकायचं, कारण कुणीतरी जुनं पाकीट पकडून पुन्हा पाठवत असेल. बुधवारी नऊपर्यंतच्या वेळा बघितलेल्या सर्व्हरला मंगळवारची पाकिटं चोराची वाटली. आणि राउटरला खरी वेळ आणायची तर तीही टनेलमधूनच, कारण सगळा रस्ता मीच टनेलमध्ये वळवलेला. वेळ बरोबर नाही म्हणून टनेल नाही, आणि टनेल नाही म्हणून वेळ मिळत नाही. चुकीचं घड्याळ चौदा तास वीस मिनिटं रखडत चालून नऊच्या पुढं गेलं, तेव्हा कुठं सर्व्हरनं दार उघडलं. शुक्रवारचा खड्डा साडेएकोणसत्तर तासांचा होता. हात लावला नसता तर नेट सोमवारी दुपारी १:४० ला आपोआप आलं असतं, आणि मी पुन्हा म्हणालो असतो, लाइन गेली असेल.

माझी मंगळवारची चाचणी पास झाली ती सेव्ह केल्या केल्या रीस्टार्ट केला म्हणून. दोन तासांनी केला असता तर तिथंच पकडलं असतं. हे मला अजून टोचतं.

दुरुस्ती पाच मिनिटांची. वेळ देणाऱ्या दोन सर्व्हरचे आकडी पत्ते घातले, नावं नाहीत, कारण नाव शोधायलाही टनेल लागतं. तेवढ्या दोघांसाठी रस्ता टनेलच्या बाहेरून. इन्व्हर्टरचं मेन चारदा पाडून बघितलं, मधे मुद्दाम चहा घेऊन, अर्ध्या अर्ध्या तासानं. चारही वेळा नेट दीड मिनिटात परत. काकांनी चारही नोंदी केल्या. दोन फेऱ्यांचे मी एकाच फेरीचे पैसे घेतले.

उठताना काकू खाली गेल्या होत्या. काका हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे आता ते फोन येणार नाहीत ना?"

"कुठले फोन?"

मे महिन्यात आला होता. कुरिअरमध्ये तुमच्या नावानं भलतंच काही सापडलंय, मग व्हिडिओ कॉल, गणवेशातला माणूस, 'डिजिटल अटक'. सकाळपासून दुपारपर्यंत याच खोलीत, दार लावून. काकूंना वाटलं मुलाशी बोलतायत. रक्कम त्यांनी सांगितली नाही, मी विचारली नाही. मुलाला "असा एक फोन आला होता" एवढंच कळवलेलं. त्यावरून मुलानं सर्व्हर घेतला, मला गाठलं, आणि काका चार दिवस त्या डब्याकडं बघत बसले होते ते यासाठी.

मी सांगितलं. फोन नेटवरून नाही, मोबाइलच्या नेटवर्कवरून येतो, त्याला हा राउटर दिसतसुद्धा नाही. व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल टनेलमधूनच येईल, तोसुद्धा एकदम सुरक्षित, मधे कुणी ऐकू शकणार नाही असा. डिजिटल अटक असं कायद्यात काही नाही. १९३० वर तक्रार करा, पैसे गेल्या गेल्या केली तर खातं गोठवता येतं, उशीर झाला तरी करा.

"बँकेत छत्तीस वर्षं काढली मी," ते म्हणाले. मग डायरी उघडली. पेन खिशात होतं. टेबलावरची पेन्सिल घेतली आणि कोपऱ्यात '१९३०' लिहिलं.

रात्री मुलाचा मेसेज आला, "थँक्स दादा. आता घर पूर्ण सेफ ना?" मंगळवारी पहिल्यांदा गेलो तेव्हाच मी विचारायला हवं होतं, व्हीपीएन कशासाठी हवंय. मी पोर्ट विचारला, की विचारली, प्लॅन किती एमबीपीएसचा ते विचारलं. आणि मुलाला हे सांगणं माझं काम आहे का, ते मला आजही ठरवता येत नाही.

त्याला लिहिलं, "टीव्ही सोडून सगळं टनेलमध्ये आहे."

त्यानं अंगठा पाठवला.