माथ्यावरचे पाणी : ब्रिटनीच्या कालव्यांवर नऊ दिवस

कालवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धरण, आवर्तन आणि शेताला पोहोचणारे पाणी येते. फ्रान्सच्या वायव्य टोकाला असलेल्या ब्रिटनी प्रांतातले कालवे पाणी देण्यासाठी नव्हे, तर होड्या वाहण्यासाठी खोदलेले आहेत, आणि उलट त्यांनाच कुठून तरी पाणी आणून द्यावे लागते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर या जाळ्याचा इतिहास आणि आजचा कारभार दोन्ही उलगडतात. गेल्या जूनमध्ये आम्ही उभयतांनी नऊ दिवस सायकल, भाड्याची होडी आणि बस अशा तिन्ही साधनांनी त्याचा मोठा भाग पाहिला.

सुरुवात रेनपासून केली. पॅरिसहून वेगवान रेल्वेने हे शहर सुमारे दीड तासावर आहे. पूर्वी होड्या ओढणारे घोडे आणि माणसे ज्या काठवाटेने चालत, त्याच वाटेवर आता सायकली धावतात. शहरातून निघून बेतों गाव मागे टाकले, की ईल नदी आणि कालवा कधी एकत्र तर कधी शेजारून वाहताना दिसतात. ज्यांना एका दिवसात फार लांब जायचे नसेल, त्यांनी मोंत्रय-स्युर-ईल स्थानकापर्यंत जावे. स्थानक कालव्याला लागूनच असल्यामुळे टीईआर या प्रादेशिक रेल्वेगाडीत सायकल चढवून रेनला परतता येते. संध्याकाळच्या गर्दीत मात्र सायकलींना जागा मिळेलच असे नाही.

आम्ही पुढे एदेला गेलो. ईल दक्षिणेला आणि राँस उत्तरेला वाहते. या दोघींमधला उंचवटा ओलांडून त्यांना जोडण्याचे काम १८०४ मध्ये सुरू झाले आणि १८३२ मध्ये ईल-ए-राँस कालवा खुला झाला. एदेजवळ माथ्यावरून उतरताना दोन किलोमीटरच्या आसपास अंतरात एकापाठोपाठ ११ लॉक लागतात आणि पाणी २७ मीटर खाली येते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला दगडी हौद. होडी आत घेऊन दारे मिटायची, पाणी भरायचे किंवा सोडायचे, आणि समोरची पातळी जुळली की पुढचे दार उघडायचे. इथले लॉक सुमारे २६ मीटर लांब आणि पावणेपाच मीटर रुंद आहेत. अडीच मीटरचा उतार धरला, तर प्रत्येक वेळी साधारण तीन लाख लिटर पाणी खालच्या टप्प्यात जाते. माथ्यावरून होडी उत्तरेला उतरो वा दक्षिणेला, खर्च होते ते माथ्यावरचेच पाणी. ते भरून काढण्यासाठी फँ गावाजवळचा बुले तलाव राखलेला असून तिथून पाटाने पाणी आणले जाते. एदेला लॉकरक्षकाच्या जुन्या घरात छोटे संग्रहालय आहे. ते आधी पाहावे आणि मग लॉक उतरत जावे.

हे सारे कशासाठी केले, याचे उत्तर समुद्रात आहे. नेपोलियनच्या काळात इंग्रज आरमार ब्रिटनीच्या किनाऱ्याभोवती टपून बसलेले असे आणि ब्रेस्त, लोरियाँ येथील नौदलाच्या तळांना समुद्रमार्गे रसद पोहोचवणे धोक्याचे झाले होते. म्हणून नाँत ते ब्रेस्त असा सुमारे ३६० किलोमीटरचा आणि २३० हून अधिक लॉकचा कालवा १८११ मध्ये हाती घेण्यात आला. तो १८४२ मध्ये पूर्ण झाला तेव्हा ज्या युद्धासाठी तो खोदला, ते संपून सत्तावीस वर्षे झाली होती. त्यानंतर त्याने चुना, स्लेटचा दगड, धान्य अशी मालवाहतूक केली. विशेषतः ब्रिटनीच्या आम्लधर्मी जमिनीला चुन्याचा फार उपयोग झाला. परंतु रेल्वे १८५७ मध्ये रेनला आणि १८६५ मध्ये ब्रेस्तला पोहोचली, आणि १८७९ नंतर देशातल्या मुख्य कालव्यांचे लॉक मोठ्या मापाचे करण्यात आले, तेव्हा इथले लॉक लहानच राहिले; त्यामुळे इथली मालवाहतूक ओसरत गेली.

तिसऱ्या दिवशी रेल्वेने रदोंला गेलो. व्हिलेन नदी आणि नाँत-ब्रेस्त कालवा इथे एकमेकांना छेदतात. भाड्याच्या होडीसाठी परवाना लागत नाही. तासाभराचे शिक्षण देऊन मालकच तात्पुरते कार्ड देतो. तीन दिवसांत मालेत्रुआपर्यंत जाऊन परत येणे आरामात जमते, कारण वेग झपझप चालणाऱ्या माणसाइतकाच असतो. इथे कालवा म्हणजे बहुतांशी बांध घालून अडवलेली ऊस्त नदी असल्याने पाण्याचा तुटवडा नसतो. इथली काळजी हिवाळी पुराची.

लॉकवर अनेक ठिकाणी उन्हाळ्यापुरते नेमलेले विद्यार्थी काम करतात. झडपांची मूठ हाताने फिरवावी लागते, आणि होडीतला एक जण काठावर उतरून दुसऱ्या बाजूची मूठ फिरवू लागला, की त्यांचे चेहरे खुलतात. जेवणाच्या सुट्टीत लॉक बंद असतो. पहिल्याच दिवशी आम्ही सुट्टी लागल्यावर पोहोचलो आणि तासभर बदके मोजत बसलो. त्या दिवसाचे वेळापत्रक सकाळीच पाहून ठेवले असते, तर हे टळले असते. त्याहून मोठी चूक परतताना झाली. पाणी उतरू लागले तेव्हा मी दोर काठावरच्या खुंट्याला पक्का बांधून ठेवला होता. होडी खाली जाईना, एका अंगाला कलू लागली, स्वयंपाकघरातली भांडी घरंगळली, आणि काठावरच्या मुलीने धावत जाऊन झडप मिटली म्हणून निभावले. उतरताना दोर खुंट्याभोवती नुसता फिरवून टोक हातात धरावे आणि हळूहळू सैल सोडत राहावे.

ही मुलगी प्रांताच्या सेवेत होती, हे तिच्या जॅकेटवरून कळले. फ्रान्समधले बहुतेक जलमार्ग १९९१ पासून व्हीएनएफ ही राष्ट्रीय संस्था सांभाळते; ब्रिटनीत मात्र तसे नाही. २००४ च्या विकेंद्रीकरण कायद्यानंतर इथल्या कालव्यांची मालकी ब्रिटनी प्रांताकडे आली, तर रदों ते नाँत हा तुकडा लुआर-अतलांतिक जिल्ह्याकडे आहे. त्यामुळे बंद असलेल्या टप्प्यांची सूचना शोधताना दोन्हीकडे पाहावे लागते. मालवाहतुकीचे उत्पन्न नसताना दारे, बांध, काठ आणि झाडे राखणे म्हणजे निव्वळ खर्चाचे काम आहे, आणि तरीही प्रांत ते करतो. रिकामी पडलेली लॉकरक्षकांची घरे उपाहारगृहांना आणि मुक्कामघरांना भाड्याने दिली जातात, ही मला सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटली. अशाच एका घरात शाकाहारी माणसाला अंड्याची आणि चीजची, कुट्टूच्या पिठाची 'गालेत', म्हणजे धिरड्यासारखा पदार्थ, पोटभर मिळते; हॅम नको, हे आधी सांगावे. दुरुस्तीसाठी हिवाळ्यात काही टप्पे रिकामे केले जातात, म्हणून होडीचा बेत एप्रिल ते ऑक्टोबरमध्येच आखावा.

जॉस्लँचा किल्ला सुंदर आहे, त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याहून रोआँ ते पोंतिव्ही हा टप्पा अधिक आवडला. पंचवीसएक किलोमीटरमध्ये पन्नासहून अधिक लॉक आहेत. होडीने हा रस्ता कंटाळवाणा होईल, सायकलीने अवश्य करावा. मधल्या इल्व्हेर्न माथ्याला पाणी द्यायला बॉसमेलेआकच्या तलावापासून पाट काढला होता. सरळ रेषेतले अंतर वीसएक किलोमीटर असताना उतार अगदी मंद ठेवण्यासाठी टेकड्यांच्या कडेकडेने वळणे घेत तो साठ किलोमीटरहून लांब न्यावा लागला. आता त्याच्या काठाने पायवाट आहे. दर अर्ध्या तासाने समोर तीच टेकडी दुसऱ्या बाजूने दिसते, आणि पाणी आणण्याचे खरे कष्ट पायांना कळतात.

पोंतिव्हीहून पश्चिमेला जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी : नाव नाँत-ब्रेस्त असले, तरी आज होडीने नाँतहून ब्रेस्तला जाता येत नाही. १९२३ ते १९३० मध्ये विजेसाठी गेर्लेदाँ धरण बांधले गेले, कालव्याचे १७ लॉक जलाशयाखाली गेले, आणि होड्यांसाठी पर्यायी वाट काढलीच गेली नाही. २०१५ मध्ये जलाशय रिकामा केला तेव्हा चिखलातून जुने लॉक वर आले होते आणि ते पाहायला गर्दी लोटली होती. त्याआधी तसे १९८५ मध्ये घडले होते. सायकलवाट इथे जुन्या रेल्वेच्या मार्गावर चढते. झाडीतून मधूनमधूनच पाणी दिसते, तेव्हा जलाशय नीट पाहायचा असेल तर कोरेलला खाली उतरावे. बों-रपोच्या मठाजवळ कालवा पुन्हा हाती लागतो. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथल्या लॉकवर दोन म्हातारे गळ टाकून बसले होते, आणि वरून येणारे पाणी सावकाश पाझरत होते.