शहाबादी फरशी आणि स्कूटरची ट्यूब

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मुळशी रस्त्यावरच्या एका फार्महाउसवर मी साउंडच्या ऑपरेटरला चारचौघांत टाकून बोललो. तो बरोबर होता आणि मी चूक होतो, हे तीन तासांत सिद्ध झाले. त्याला आता आठ महिने होऊन गेले, तरी तो प्रसंग मनातून जात नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

तीस वर्षांहून अधिक काळ मी डीजे म्हणून काम करतो. महाराष्ट्रात एवढे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विसर्जन मिरवणुकीतली स्पीकरची भिंत उभी राहते, कारण आपल्याकडे ‘डीजे’ हा माणूस उरलेलाच नाही, तो ‘लावला’ जातो. मी वाजवतो ते संगीत निराळे आहे. शिकागोच्या ‘वेअरहाउस’ क्लबमध्ये १९७७ पासून फ्रँकी नकल्स जे वाजवत असे आणि ज्याला पुढे त्या क्लबवरूनच ‘हाउस’ हे नाव पडले, ते. आणि डेट्रॉइटजवळच्या एका शाळेत एकत्र शिकलेल्या हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉंडरसन यांनी ज्यातून टेक्नो घडवला, ते. रेडिओ आणि सिनेमा यांच्या वाटेला न जाता हे संगीत थोड्या तबकड्यांवर निघते आणि अंधाऱ्या खोलीत नाचणाऱ्यांच्या पायांवर जगते, म्हणून त्याला अंडरग्राउंड म्हणतात. माझे मामा मर्चंट नेव्हीत होते. त्यांनी हॅम्बर्गहून आणलेल्या सहा तबकड्यांनी मला या वाटेला लावले आणि तिथून मी परत फिरलो नाही. १९९५ च्या डिसेंबरात गोव्यात हणजूणला गेलो, तेव्हा तिथले डीजे उन्हाने वाकणाऱ्या तबकड्या सोडून डॅट, म्हणजे डिजिटल, टेपवर वाजवत होते. ते शहाणपणाचे होते, पण मी तबकडी सोडली नाही. बोटाखाली फिरणारी, किंचित मागे ओढता येणारी, डोळ्यांनी खाचा वाचता येणारी ती वस्तू मला आजही लागते. साठ तबकड्यांची पिशवी बारा-तेरा किलोंची होते आणि पाठ आता तक्रार करते, एवढेच.

त्या शनिवारचा कार्यक्रम उघड्यावर होता, म्हणजे संध्याकाळी सहा ते रात्री दहा. दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालच्या नियमांचा भाग आहे आणि तो मला मान्य आहे. आयोजक मुले उत्साही होती, पण आजच्या बहुतेक आयोजकांप्रमाणे त्यांचे सारे पैसे दिव्यांवर आणि फोटोंवर गेले होते. मला उभे करण्यासाठी त्यांनी प्लायवूडचा चार फूट उंच पोडियम बांधला होता आणि त्याच्या अगदी पायाशी, दोन्ही बाजूंना, बेसचे दोन-दोन बॉक्स ठेवले होते. सिस्टीमबरोबर आलेला ऑपरेटर दौंडकडचा, पंचविशीतला. एरवी तो गणपतीच्या आणि जयंतीच्या मिरवणुकांत सिस्टीम चालवतो, हे त्याच्याच तोंडून कळले आणि माझे मत तिथेच बनले.

दुपारी चार वाजता लाइन चेक करताना तो म्हणाला, “सर, टेबल खाली जमिनीवर घेऊ या का? हा पोडियम पोकळ आहे. ढोलासारखा घुमणार.” मी त्याच्या मिक्सरवर पन्नास हर्ट्‌झच्या आसपास चढवलेला बेस पाहिला आणि आयोजकांच्या, त्यांच्या मित्रांच्या आणि दिवे लावणाऱ्यांच्या देखत त्याला सुनावले, “मिरवणुकीची सवय इथे नको. बेस आधी खाली घे, मग मला शिकव.” त्याने मान खाली घालून बेस उतरवला. पुढे तो काही बोलला नाही.

सात वाजेपर्यंत गर्दी विरळ होती, आवाज कमी होता, सगळे ठीक चालले. सव्वासातला दीडएकशे माणसे जमली, मी आवाज चढवला आणि तबकडीखालून एक गुरगुर उठली. आधी वाटले, गाण्यातलाच सूर असेल. मग ती फुगत गेली, सुई थरथरू लागली आणि सबंध अंगणात एकच जाड, बेसूर हुंकार भरून राहिला. तबकडी वाजवणाऱ्याला याहून मोठी भीती नसते. बेसच्या लाटा टेबल हलवतात, टेबल टर्नटेबल हलवते, सुईला ती हालचाल आणि तबकडीवरची खाच यांतला फरक कळत नाही, ती दोन्ही सारख्याच इमानाने उचलते आणि ॲम्प्लिफायर तो थरथराट आणखी मोठा करून पुन्हा टेबलाकडे पाठवतो. मी बेस कापला. हुंकार थांबला, पण या संगीतातून बेस काढला तर उरते काय? पाच मिनिटांत निम्मे लोक खाण्याच्या टेबलांकडे वळले. एक आयोजक येऊन म्हणाला, “सर, पेन ड्राइव्हवर वाजवा ना, कुणाला कळतंय?” हे वाक्य मी गेली पंधरा वर्षे ऐकतो आहे आणि दर वेळी तेवढेच लागते.

तेवढ्यात ऑपरेटर वर चढला. काही न विचारता त्याने दोहोंपैकी वापरात नसलेले टर्नटेबल थांबवले, त्यावरच्या थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवली, त्या चॅनेलचा आवाज अर्ध्यावर आणला आणि प्लायवूडवर बोटाच्या पेराने एक टकटक केली. चारही बॉक्समधून ढोलाची थाप पडावी तसा ‘धम्म’ असा आवाज आला. मग त्याने शेजारच्या लोखंडी खांबावर टकटक केली, तर काहीच नाही. पुन्हा पोडियमवर, पुन्हा ‘धम्म’. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “बेस माझ्याकडून कमीच आहे, सर. ढोल तुमच्या पायाखाली आहे.”

पुढच्या वीस मिनिटांत, आयोजकांच्या पेन ड्राइव्हवर गाणी चालू असताना, त्याने जे केले ते मी आयुष्यभर विसरणार नाही. टर्नटेबले आणि मिक्सर उतरवून त्याने पाठीमागच्या मोरीजवळच्या सिमेंटच्या ओट्यावर आणले. मोरीत कपडे धुण्यासाठी टाकलेल्या दीड फूट चौरस अशा दोन शहाबादी फरशा होत्या, एकेक चौदा-पंधरा किलोंची, साबणाने पांढरट झालेली. त्या त्याने उचलल्या. मोटारसायकलवर जाऊन रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या दोन जुन्या ट्यूब आणल्या. त्यांत हवा अर्धवटच भरली, अंगठ्याने दाबून-दाबून पाहिली आणि एका ट्यूबमधली थोडी सोडून दिली. ट्यूबवर फरशी, फरशीवर टर्नटेबल. जड दगड मऊ हवेवर ठेवला की तो फार संथ डुलतो आणि पन्नास हर्ट्‌झचा थरकाप त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हे तत्त्व मी कितीदा वाचले होते आणि परदेशातल्या क्लबांत सिमेंटच्या लाद्यांवर ठेवलेली टर्नटेबले पाहिलीही होती. तरीही त्या दुपारी मला ते सुचले नाही, कारण सांगणारा कोण आहे इकडेच माझे लक्ष होते. बेसचे चारही बॉक्स त्याने एकत्र करून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेले. मग त्याने पुन्हा तीच परीक्षा घेतली: सुई टेकवली, आवाज चढवला, फरशीखालच्या ओट्यावर मूठ आपटली. शांतता.

आठ वाजता मी जमिनीवर, लोकांच्या पातळीवर उभा राहून पुन्हा सुरू केले आणि त्याने बेसचा जोर दुपारी होता तिथवर चढवला. तो किती असावा हे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळत होते. दर थोड्या वेळाने तो अंगणाच्या कोपऱ्यांत जाऊन छातीवर तळवा ठेवून उभा राहत असे आणि परत येऊन एखादी कळ केसभर फिरवत असे.

शेवटच्या वीस मिनिटांत मी शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाची १९८७ ची ती तबकडी लावली, जिच्यापासून ‘ॲसिड हाउस’ सुरू झाले असे सांगतात. तिथला डीजे रॉन हार्डी याने एका रात्रीत ती चार वेळा वाजवली तेव्हा कुठे लोकांनी ती स्वीकारली, अशी तिची कथा आहे. तिच्यातून मी चरणजित सिंग यांच्या भैरवात शिरलो. मुंबईच्या सिनेमासंगीतातल्या या वादकाने १९८२ साली, फ्यूचरने पुढे वापरलेल्या रोलँडच्या टीबी-३०३ या बेस वाजवणाऱ्या यंत्राच्या साथीने, दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले, ते कुणी फारसे ऐकले नाही, आणि २०१० मध्ये एका डच माणसाने ती तबकडी पुन्हा काढली तेव्हा जग चकित झाले. शिकागोच्या पाच वर्षे आधी आपल्या मुंबईत हा आवाज निघाला होता आणि तो आपल्याला बाहेरच्याने ऐकवला, याची खंत मला प्रत्येक वेळी वाटते.

दहाला दोन मिनिटे कमी असताना ऑपरेटरने ॲम्प्लिफायर बंद केले. तबकडी फिरतच होती. सुईखालून भैरव डासाच्या गुणगुणण्याएवढा, पण स्पष्ट ऐकू येत होता. तो वाकला, कान सुईजवळ नेला, पुन्हा सरळ झाला आणि दुसरा कान नेला. “डाव्या कानाने येत नाही, सर,” तो अगदी सहज म्हणाला. “मिरवणूक झाली की दोन-तीन दिवस शिट्टी वाजते, मग कमी होते.”

शंभर डेसिबलला कान सुरक्षितपणे पंधरा मिनिटे टिकतो असे तज्ज्ञ धरतात. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते आणि ऑपरेटर त्या भिंतीच्या सावलीत बसून असतो. भिंतींबद्दलचे माझे मत त्या रात्री बदलले नाही, उलट घट्टच झाले. पण माझा राग आजवर त्या मुलांवर होता, आणि भिंत भाड्याने देणारे व घेणारे मात्र त्यातून सुटले होते. मी त्याला माझे इअरप्लग दिले आणि कान तपासून घे म्हणालो. तो म्हणाला, “गणपती झाल्यावर, सर. आता सीझन आहे तोवर जमणार नाही.” आयोजकांनी जाताना सर्वांसमोर माझे आभार मानले, ‘सरांनी वेळ मारून नेली’ असे म्हणाले, आणि मी ते दुरुस्त केले नाही. तो तेव्हा दहा पावलांवर केबल गुंडाळत होता.

गणपती झाले. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. येत्या गुरुवारी पुण्यात कानांची तपासणी ठरली आहे आणि मी त्याच्यासोबत जाणार आहे. त्या दिवशी अंगणात असलेल्या आयोजकांपैकी दोघांना मी त्याच संध्याकाळी घरी बोलावले आहे. मला जे बोलायचे आहे ते त्यांच्या देखत बोलायचे आहे.