दक्षिणेकडचा नारिंगी पट्टा

पेंचच्या जंगलालगतच्या सिल्लारी गावात, शेतात, रात्री दहाच्या सुमारास कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो उमटला आणि माझ्या पोटात गोळा आला. दक्षिणेला क्षितिजाला लागून जाडजूड नारिंगी पट्टा. ऐन जानेवारीत वणवा?

ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो ते बाबाजी घोंगडी पांघरून बांधावर बसले होते. उठून आले, स्क्रीनवर वाकले. "आग नाही ताई थे. तुमचं नागपूर हाये."

नुसत्या डोळ्यांना तिकडे फिकटसा उजेड दिसत होता, इतकंच. वीस सेकंद उघड्या राहिलेल्या शटरनं मात्र सगळं गोळा केलं होतं. त्या पट्ट्याच्या वरच्या काठाला अगस्ती. आपल्याकडून हा तारा क्षितिजापासून जेमतेम १५-१६ अंश वर येतो. रात्रीच्या आकाशात व्याधाखालोखाल हाच तेजस्वी, आणि माझ्या फोटोत तो धुरकट कंदिलातल्या वातीसारखा. डोक्यावर मृग, कृत्तिका, व्याध लखलखत होते. फक्त माझ्या गावाच्या दिशेचं आकाश मळलेलं होतं.

पौष अमावास्या गाठून मी आणि धाकटा भाऊ मुद्दाम आलो होतो. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं काळोखं आकाश जपणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली, तेव्हापासून मनात होतं. कामठी, मनसर, मग पवनीहून आत. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशीच्या सफारीबद्दलही नाही. थंडी होती, जिप्सींची रांग होती, परत आलो. जेवण मात्र आठवतं. वांगं-सोल्याची भाजी, चुलीवरची भाकरी आणि "आणखी घ्या" म्हणत ताटाशीच बसलेल्या आजी. इतक्या मायेनं वाढलेलं मी कुठल्या हॉटेलात जेवलेली नाही.

या मान्यतेसाठी सिल्लारी आणि आजूबाजूच्या गावांतले शंभरहून जास्त दिवे बदलले. बाबाजींच्या घरासमोरचा खांब मी बराच वेळ बघत होते. पसरट दिवा, तोंड थेट जमिनीकडे. खाली रस्त्यावर पिवळसर गोल, त्यात झोपलेलं कुत्रं, वाळलेलं शेण, हातपंपाची दांडी, सगळं स्वच्छ दिसत होतं. खांबाच्या वर मात्र लगेच तारे सुरू.

"अंधाराची भीती नाही वाटली लोकांना? जंगल एवढं जवळ," मी विचारलं.

"अंधार कुठं हाये? रस्ता दिसते ना," बाबाजी म्हणाले. "पयले अर्धा लाइट वरच जाये. आभायाले लाइट कायले पायजे?"

आणि तिथून थोड्याच अंतरावर, परतीच्या वाटेवर, एका रिसॉर्टच्या फाटकाशी भलंमोठं मोहाचं झाड. खोडापासून शेंड्यापर्यंत निळ्या माळा गुंडाळलेल्या. मी गाडी थांबवायला लावली. माळांभोवती पतंग भिरभिरत होते, खाली फरशीवर थकून पडलेल्यांचा सडा. मार्च-एप्रिलात याच झाडाच्या फुलांवर रात्री वटवाघळं येतात. मोहाचं परागीभवन मुख्यतः तीच करतात. ज्यांना अंधार लागतो त्यांच्याच घरात आपण झगमगाट करून ठेवायचा? आत जाऊन सांगितलं. काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "गेस्टना आवडतं मॅडम, फोटो काढतात." मला इतका संताप आला की भांडायला शब्दच सुचले नाहीत. लोक अंधार बघायला येतात आणि त्यांच्या स्वागताला माळा!

पण घरी पोचले आणि तो संताप माझ्यावरच उलटला. आमच्या गच्चीवर पन्नास वॅटचा फ्लडलाइट आहे. मागच्या गल्लीत चोरी झाली तेव्हा मीच लावून घेतला होता. रात्रभर चालू, तोंड अर्धं वर, निम्मा उजेड शेजारच्या कडुनिंबात. म्हणजे त्या नारिंगी पट्ट्यात माझाही वाटा होता. दहा वर्षं मी शाळा-कॉलेजांत वाघांचे, तलावांचे फोटो दाखवत "निसर्ग वाचवा" सांगत हिंडतेय. टाळ्या पडतात, पोरं वाघाबरोबर सेल्फी मागतात. माझ्या डोक्यावरच्या दिव्याकडे मी एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

रथसप्तमीला आठवडा होता. यंदाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून त्या फोटोच्याच छोट्या प्रती काढल्या. बायका आल्या, तिळगूळ घेतला, फोटो हातात धरून एकीनं विचारलं, "सूर्योदय का हो?" मी म्हटलं, "नाही, आपण सगळ्या." मग दीड तास त्यावरच बोललो. सगळ्यांना पटलं असं नाही. एकीच्या सासूबाईंना रात्री कमी दिसतं, जिन्यातला दिवा बंद कसा करणार? बंद करायचाच नाही, खाली वळवायचा, हे मला तीनदा समजावावं लागलं. दोघींनी चोरांचा विषय काढला. त्यांची भीती खोटी नाही, मीही त्याच भीतीनं दिवा लावला होता.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून पत्र्याच्या टोप्या करून घेतल्या. माझा फ्लडलाइट काढून टाकला, त्या जागी लहान दिवा, टोपीखाली, फाटकाच्या कडीवर उजेड पडेल एवढाच. आतापर्यंत आमच्या गल्लीत चार घरांनी टोप्या लावल्यात. समोरच्या वहिनींनी काल आणखी दोन सांगितल्या. एक जिन्यासाठी, दुसरी माहेरी खापरखेड्याला पाठवायला.